ही बाई कोणाची कोण

माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात गेली. त्यामुळे खून, दरोडे, फाशी यांतलं माझ्याकडे काहीही नाही, हे मी संपादकांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "असू दे, जे आहे ते लिहा." जे आहे ते म्हणजे बांध, पाणंद, विहिरीवरची पाळी, शेजाऱ्याच्या कौलांवर झुकलेली फणसाची फांदी आणि या सगळ्यासाठी हयात घालवणारी आमची कोकणी माणसं. आमच्याकडे माणूस भावाशी बोलणं टाकतो, पण भावाविरुद्धचा दावा टाकत नाही.

मी सांगतोय ते पन्नास-साठच्या काळातलं. तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, सगळी रत्नागिरीच. अपिलाला रत्नागिरी गाठायची, तर पुष्कळ जण आगबोटीने जात. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ अशा बदल्या मी केल्या, पण ही हकीकत यांतल्या नेमक्या कोणत्या कोर्टातली ते सांगणार नाही. त्या गावची माणसं अजून दिवाळी अंक वाचतात.

आमचं कोर्ट म्हणजे एक लांबलचक कौलारू घर. पुढे पडवी, पडवीसमोर एक जुनं भेंडाचं झाड. पक्षकार, साक्षीदार, वकिलांचे कारकून, सगळे त्या झाडाखाली. धाकू पट्टेवाला पडवीत उभा राहून नावाचा पुकारा करी, तो बंदरावर जाळी सुकवणाऱ्यांनाही ऐकू जाई. आत दुपारी वारा सुटला की खारा वास येई आणि साहेबांच्या टेबलावरचे कागद मी शंखांखाली दाबून ठेवी. ते शंख धाकूनेच वेळेवरून, म्हणजे समुद्राच्या पुळणीवरून, वेचून आणलेले. आता नव्या इमारतीत पंखे आहेत आणि कागदांवर काचेचे गोळे आहेत. असोत बापडे. मला मात्र त्या शंखांची आठवण आली की उगाचच गलबलून येतं.

बाहेरच्यांना वाटतं, कोर्टात न्यायाधीश न्याय देतात. देतात, पण त्याआधी पुष्कळ दिवस तारीख देतात. दोन खाड्या तरीतून ओलांडून, कसालपर्यंत चालत येऊन, तिथून मिळेल ती गाडी धरून एखादी म्हातारी दाराशी यायची आणि मी तिला सांगायचं, "आजी, आज साहेब रजेवर आहेत, पुढली तारीख घ्या." ती म्हणायची, "बरा तर," आणि आली तशी परत जायची. चिडायची नाही. ती चिडली असती, तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

माझं काम साहेबांच्या खाली, डाव्या हाताला बसून कामकाज चालवण्याचं. कागद पुढे करायचे, साक्षीदाराला शपथ द्यायची. आणि एक काम नेमणुकीत कुठेही लिहिलेलं नव्हतं: साक्षीदाराची मालवणी साहेबांना समजावून सांगायची. साहेब बहुतेक घाटावरचे. आता ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते साहेबही तिकडचेच. वयाने तरुण, कामाला चोख, उंच कॉलर, आणि कोर्टात कुणी शिंकलं तरी कपाळाला आठी. आल्या आल्याच त्यांची आणि आमच्या रीतीची गाठ पडली.

झालं असं, की एका म्हाताऱ्याला मी पिंजऱ्यात उभा करून शपथ वाचायला लागलो. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू ह्या कचेरीत उभा रवला हा..." आणि मागच्या बाकांवरून सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" साहेब दचकले. म्हाताऱ्याचं चालूच. "ह्या सायबाक बरी बुद्धी दी, तेका बढती दी..." "व्हय म्हाराजा!" यात धाकू पट्टेवाल्याचाही आवाज होता.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हे काय चाललंय? गाणं?"

मी सांगितलं, "साहेब, हे गाऱ्हाणं."

आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. पेरणी असो, लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो. एक जण देवाला सगळं नीट उलगडून सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान गावच्या एका घराण्याकडे असतो आणि त्या मानासाठी माणसं जीव टाकतात. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्याला दम भरला, "हे न्यायालय आहे. पुन्हा असा प्रकार झाला, तर बाहेर काढीन." म्हातारा खाली बघून म्हणाला, "मगे शपथ लागतली कशी?" साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, "माफी मागतोय." तो प्रश्न मात्र पुढे मला आठवायचा होता.

त्यानंतर वर्षभरात पार्वतीबाईंचा दावा उभा राहिला.

पार्वतीबाई खारेपाटणकडच्या. लहानपणी विधवा झालेल्या. खाडीपलीकडच्या एका गावातला रघू गलबतावर तांडेल होता, त्याच्याशी त्यांचा पाट लागला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला वाजंत्री नाही, मांडव नाही, जेवणावळ नाही. तिन्हीसांजेला, परसात, चार माणसं उभी करून उरकून टाकायचं. जणू चोरीच. बारा वर्षं संसार केला, मूल झालं नाही. रघूने दर्यावरच्या कमाईतून भावापासून वेगळं घर बांधलं आणि एका तापात तो गेला. बारावं-तेरावं उरकताच त्याचा थोरला भाऊ शिवराम, ज्याला सगळा गाव दाजी म्हणे, त्याने त्या घराला आपलं कुलूप घातलं. पार्वतीबाईंना घरामागच्या मांगरात, म्हणजे पेंढा ठेवायच्या खोपट्यात, बसवलं. म्हणाला, "आमच्या भावान हिका अशीच ठेवल्यान. पाटबीट काय लागाक नाय."

नवा वारसा कायदा तेव्हा नुकताच आला होता. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पुरता हक्क मिळाला होता आणि आम्ही कोर्टातले लोक त्याबद्दल मोठ्या अभिमानाने बोलत असू. पण आधी ती विधवा आहे, म्हणजे मुळात बायको होती, हे शाबीत व्हायला हवं. पाट लावणारे भटजी वारले होते. परसात उभ्या असलेल्या चौघांपैकी एक बाईंचा भाऊ, तो नात्यातला म्हणून त्याच्या साक्षीला वजन नाही. दुसरा मुंबईला गिरणीत, त्याचा पत्ता नाही. तिसरा आणि चौथा खुद्द दाजी आणि देवळाचा गुरव. दोघांनी पिंजऱ्यात देवाची शपथ घेऊन सांगितलं, पाट झालाच नाही. शिवाय दावा लावला म्हणून गावाने बाईंना वाळीत टाकलं होतं. त्यांचा नारळ देवळात घेत नसत, आणि पाणवठ्यावर बाई आल्या की बाकीच्या बायका कळश्या उचलून चालू लागत.

मी शपथ देणारा माणूस. हजारो शपथा दिल्या असतील. दाजी खोटं बोलतोय हे त्याच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं. साहेबांनाही बहुधा कळत असावं. पण तोंडाकडे बघून निकाल लिहिता येत नाही.

शेवटच्या तारखेला दाजीला काय अवदसा आठवली कोण जाणे. कदाचित कोर्टातल्या लोकांसमोर आपला तोरा दाखवायचा असेल. तो उठून हात जोडून म्हणाला, "साहेब, माझं एक म्हणणं आहे. हिने आमच्या देवळात यावं, हातात पेटता दिवा घ्यावा आणि देवासमोर सांगावं, की माझा पाट लागला. सांगितलंन, तर मी घराची चावी देतो. नाही आली, तर दावा खोटा."

शपथेच्या जुन्या कायद्यात तेव्हा अशी सोय खरोखरच होती. एका पक्षाने असं आव्हान दिलं आणि दुसऱ्याने ते घेतलं, तर कोर्ट आपला माणूस पाठवून तशी शपथ घेववीत असे, आणि मग ती साक्ष आव्हान देणाऱ्याला मानावीच लागे. दाजीचा हिशेब साधा होता. वाळीत टाकलेली बाई देवळाची पायरी चढायला धजणार नाही. धजलीच, तर गाव तिला चढू देणार नाही.

साहेबांनी बाईंना विचारलं, "तुम्ही जाल?"

बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. थोरल्या दिरासमोर त्या कधी मान वर करून बोलत नसत, त्या दिवशीही केली नाही. जमिनीकडे बघत म्हणाल्या, "जातलंय. आत्ता जावचा काय?"

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला कमिशनर नेमलं आणि दिवस ठरवून दिला.

कमिशनर हा शब्द फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात मी, धाकू आणि एक डबा, ज्यात माझ्या बायकोने दिलेले घावन होते, असे सकाळी तरीत बसलो. होडीत समोरच पार्वतीबाई बसल्या होत्या. आदल्या दिवशी कागदावर सही करायला त्या कोर्टात आल्या होत्या आणि माहेरच्या एका बाईकडे उतरल्या होत्या. हातात एक नारळ. मी विचारलं, "बाये, भीती वाटता?"

त्या म्हणाल्या, "देवाची नाय. माणसांची वाटता. दारातच अडयली, तर काय करतलंय?"

मी म्हटलं, "कोर्टाचो हुकूम आसा माझ्याकडे." बोललो खरा. मी कागद वाचून दाखवणारा माणूस, शंभर जणांशी भांडणारा नव्हे.

देवळासमोर सगळा गाव जमला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मी हुकूम मोठ्याने वाचला. कोणी हललं नाही, पण कोणी अडवलंही नाही, कारण बाईंना बोलावणारा खुद्द दाजीच होता. आपल्याच माणसाचं बोलावणं गाव कसं मोडणार? माणसं बाजूला सरली. बाई पायरी चढल्या, आणि दाजीच्या तोंडावरचा तजेला मला पहिल्यांदा उतरलेला दिसला.

गुरव दिवा घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, "पेटव आणि बाईंच्या हातात दे."

गुरव म्हणाला, "गाऱ्हाणा घातल्याशिवाय कसो पेटवू? ह्या दिव्यार शपथ व्हवची हा."

"मग घाला गाऱ्हाणं."

"मी कसा घालतलंय? मान दाजींचो."

सगळ्यांच्या माना दाजीकडे वळल्या. गाऱ्हाण्याचा मान पिढ्यानपिढ्या दाजीच्याच घराकडे होता. देवळातली शपथ मागताना दाजीच्या डोक्यात बाईंची अडचण होती, गावाची होती, कोर्टाची होती. देवाशी बोलायचं काम आपल्यालाच करायचंय, हे मात्र त्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

दाजी म्हणाला, "माझ्या घशाक आज वायच बरा नाय."

तेवढ्यात मागून त्याचा खालच्या घरचा चुलत भाऊ पुढे झाला. या घराचा त्या मानावर कितीतरी वर्षांपासून डोळा. तो उपरणं सावरत म्हणाला, "दाजींका जमणा नसात, तर मी घालतंय. आमचोय अधिकार आसाच."

संपलं. एकदा खालच्या घराने गाऱ्हाणं घातलं, की मान गेलाच म्हणायचा. दाजी झटक्यात पुढे झाला आणि देवासमोर उभा राहिला.

माणूस म्हणून तो कसाही असो, गाऱ्हाणं घालावं त्यानेच. काय तो आवाज! "बा देवा म्हाराजा! ह्या गावच्या राखणदारा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" देवळाचे वासे थरथरले. "आज तुझी लेकरा तुझ्या दारात उभी रवली हत!" "व्हय म्हाराजा!" "कोर्टाचो माणूस खाडी वलांडून इलो हा, तेका सुखान परत धाड!" "व्हय म्हाराजा!" इथे धाकूने माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. "जो कोण वाकड्या वाटेन जाता, तेका सरळ वाटेर हाड!" "व्हय म्हाराजा!"

"आणि आज... ही जी बायलमाणूस... तुझ्या पायाकडे इली हा... ती..."

आणि दाजी थांबला.

गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी मागायचं, तो कोणाचा कोण, हे देवाला सांगावं लागतं. कोणत्या घरची, कोणाची सून, कोणाची बायको. त्याशिवाय देवाला कळणार कसं? म्हणजे पार्वतीबाईंनी शपथ घ्यायच्या आधी, त्या कोण आहेत हे दाजीलाच देवाला सांगणं भाग होतं. कोर्टात वकिलांनी त्याला हाच प्रश्न विचारला होता आणि त्याने फाडफाड उत्तर दिलं होतं.

दाजीच्या मानेवरून घाम ओघळत होता. गुरव हातातल्या न पेटवलेल्या दिव्याकडेच बघत होता, कारण पाटाच्या वेळी तोही परसात उभा होता. खालच्या घरच्या भावाने घसा खाकरला. बाई खाली मान घालून नारळ छातीशी धरून उभ्या. त्यांचं घर, त्यांची अब्रू, बारा वर्षांचा संसार, सगळं त्या एका अर्धवट वाक्यात अडकलं होतं, आणि सांगायला लाज वाटत नाही, मी कमिशनर असूनही मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

"ती..." दाजी पुन्हा म्हणाला. मग तो एकदम लहान माणसासारखा, हळू आवाजात बोलला. "ती आमच्या रघूची बायल, म्हाराजा. माझ्या धाकट्या भावाची बायल. पाट लागलो तेव्हा मी सोता थंय उभो होतंय."

कोणी "व्हय" म्हणेना. कोणाला म्हणायचं धैर्य होईना. मग बायकांच्या बाजूने एका म्हातारीचा बारीक, कापरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि लगेच सगळा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!"

दाजी तिथेच खाली बसला. गुरवाने डोळे पुसत दिवा पेटवला आणि बाईंसमोर धरला. मला माझं काम आठवलं. मी पुढे होऊन म्हटलं, "बाये, दिवा घे. आता तुझी शपथ."

पार्वतीबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. गावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता माझी कित्याक ओ? सगळ्या गावान घेतली मा."

त्यांनी तो नारळ गुरवापुढे केला. गुरवाने तो घेतला आणि देवापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "शपथ झाली का, परुळेकर?"

मी म्हटलं, "झाली साहेब, पण बाईंची नाही." आणि सगळं सांगितलं. तोवर दाजीच चावी घेऊन कोर्टात हजर झाला होता. त्याने कबुली लिहून दिली. साहेब त्याला म्हणाले, "तुम्ही या पिंजऱ्यातही देवाचीच शपथ घेतली होती. इथे खोटं बोलताना काही वाटलं नाही?"

दाजीने प्रामाणिकपणे विचार केला. "साहेब, थंय देव होतो. हंय तुमी होतात."

मला वाटलं, आता साहेबांचा हात टेबलावर आपटणार. पण त्यांनी लेखणी उचलली. खोट्या साक्षीचं काय करायचं ते त्यांनी कायद्याप्रमाणे केलं. गुरवाच्या बाबतीतही. पार्वतीबाईंच्या बाजूने हुकूम लिहिला. कोर्ट उठल्यावर मात्र ते खुर्चीतच बसून राहिले. मी शंख उचलून कागद गोळा करत होतो. ते म्हणाले, "परुळेकर, तो दाजी थांबला नसता तर? 'ही कोणी नव्हे' म्हणाला असता तर?"

मी म्हटलं, "बाईंनी तरीही दिवा घेतला असता, साहेब."

"आणि त्याने हे आव्हान दिलंच नसतं तर?"

मला उत्तर माहीत होतं. साहेबच म्हणाले, "माझ्या मनात निकाल तयार होता. तिच्या विरुद्ध. पुराव्याप्रमाणे दुसरा देताच येत नव्हता. ती खरी होती, हे मला ठाऊक होतं, तरीही."

पुढे कितीतरी वर्षं मला ते वाक्य छळत राहिलं. एका बाईसाठी दाजीला गाऱ्हाण्याचा मान आडवा आला. बाकीच्या किती जणींचे दावे मी माझ्याच हाताने फडक्यात बांधून दप्तरात ठेवले असतील, ज्यांच्या भाग्यात तेवढंही नव्हतं! कायदा चांगला होता. साहेब चांगले होते. पण खरं बोलायला गावात कोणी उभं राहत नव्हतं, आणि त्याला कोर्टाकडे काही उपाय नव्हता.

साहेबांची बदली झाली, तेव्हा आगबोटीच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "मला ते देऊळ बघायचंय." आम्ही तरीतून गेलो. उंच कॉलरचे साहेब पायरीखाली चपला काढून अनवाणी आत आले. बातमी लागल्यासारखी माणसं जमली. दाजी आला. आता त्याच्या बोलण्यातली ती ऐट गेली होती, पण मान त्याच्याकडेच होता. बायकांत पार्वतीबाई उभ्या होत्या. आता त्यांच्या शेजारी दोघीतिघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

दाजीने विचारलं, "साहेब, गाऱ्हाणा घालू? तुमी कोणाचे कोण, ता माका सांगूक व्हया."

साहेबांनी आपलं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचंही. दाजीने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! हो घाटावरचो साहेब आज आमचो गाव सोडून चल्लो हा!" "व्हय म्हाराजा!" "तेका सुखाचो प्रवास दी!" "व्हय म्हाराजा!" "तेच्या हातान कोणाय गरिबार अन्याव होव देव नको, म्हाराजा!"

गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, त्यात पार्वतीबाईंचा आवाज मला वेगळा ऐकू आला. आणि अगदी माझ्या शेजारून आणखी एक आवाज आला, घाटावरचा, अवघडलेला, मिटल्या डोळ्यांचा.

साहेब म्हणत होते, "व्हय म्हाराजा."